बाजार, उकिरडा आणि म्युझियम

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न हटकून विचारतात. काय पाहिलंत, काय आणलंत आणि किती लागले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुरे ऐकायला कोणी थांबत नाही, दुसऱ्याचे उत्तर टेबलावर मांडून दाखवावे लागते आणि तिसऱ्याचे खरे उत्तर देण्याची रीत नाही.

एरवी या सदरात मी भाषा आणि पुस्तके यांच्याविषयी लिहीत असते. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांनी जागाही थोडी सैल हाताने दिली आहे आणि विषयही माझ्यावर सोडला आहे. तेव्हा गेल्या हिवाळ्यात मी आणि माझी मावशी कैरोला जाऊन आलो, त्याविषयी चार गोष्टी सांगते. पिरॅमिड किती उंच, त्यांना किती दगड लागले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ते सांगून मी वाचकांचा दिवाळीचा वेळ घेणार नाही. मला लिहायचे आहे ते तीन जागांविषयी. शहरातली माणसे वस्तू जिथे विकतात ती जागा, जिथे टाकून देतात ती जागा आणि जिथे जपून ठेवतात ती जागा. या तिन्ही पाहिल्या म्हणजे शहराची निदान तोंडओळख होते, असे माझे मत आहे. मावशीच्या मते दोन पुरेत. त्यातली दुसरी का वगळायची, यावरून आमचे कैरोत जे वाजले, ते पुढे येईलच.

कैरोचा जुना बाजार म्हणजे खान अल्-खलीली. १३८२ च्या सुमारास जहारकस अल्-खलीली नावाच्या एका सरदाराने तिथे व्यापाऱ्यांसाठी मोठी सराई बांधली. तिचेच नाव पुढे साऱ्या बाजाराला चिकटले. त्याआधी त्या जागी फातिमी खलिफांच्या कबरी होत्या. सरदारसाहेबांनी त्या उकरल्या आणि आतली हाडे गाढवांवर लादून गावाबाहेरच्या उकिरड्यावर फेकून दिली, असे जुने इतिहासकार लिहून गेले आहेत. ज्यांनी ९६९ साली हे शहर वसवले, त्यांच्याच वंशजांची ही गत! आज तिथे पितळी दिवे, अत्तराच्या कुप्या, चांदीचे दागिने आणि पर्यटकांसाठी केलेले प्लास्टरचे फेरो शेजारीशेजारी मांडलेले असतात.

मावशीने चाळीस वर्षे तुळशीबागेत घासाघीस केलेली आहे. तिला अरबी येत नाही आणि दुकानदाराला मराठी येत नव्हते, पण त्यामुळे कुणाचेच काही अडले नाही. त्याने गणकयंत्रावर आकडा दाखवावा, तिने कपाळावर हात मारावा. त्याने छातीवर हात ठेवून आकाशाकडे पाहावे, तिने पर्स बंद करून चालू लागावे. चार पावले जाते न जाते तोच मागून हाक: "इंडिया! अमिताभ बच्चन!" हे नाव तिथे परवलीच्या शब्दासारखे चालते. एका पिढीने त्यांचे सिनेमे थिएटरात पाहिले, पुढच्या पिढीने घरी पाहिले. अखेर पितळेचा एक छोटा दिवा निम्म्याहून कमी भावात आमच्या पिशवीत आला. दुकानदाराने वर चहा पाजला. "म्हणजे अजून उतरला असता," मावशी चहाचा घोट घेत म्हणाली.

या बाजाराच्या एका गल्लीत अल्-फिशावी नावाचे कॉफीगृह आहे. मोठमोठे आरसे, पितळी टेबले आणि गल्लीभर पसरलेल्या खुर्च्या. दोनशेहून अधिक वर्षे आपण चालू आहोत असे मालक मंडळी सांगतात. १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे कादंबरीकार नगीब महफूझ इथे येऊन बसत. ते १९११ साली याच भागात, गमालियात, जन्मले. त्यांच्या गाजलेल्या तीन कादंबऱ्यांची नावे या भागातल्या रस्त्यांची आणि गल्ल्यांची नावे आहेत. सदाशिव पेठ, शनिपार आणि तुळशीबाग अशी नावे देऊन कुणी तीन कादंबऱ्या लिहाव्यात आणि त्या साऱ्या जगाने वाचाव्यात, तसेच हे. मराठी शिकवणाऱ्या माणसाला अशा ठिकाणी थोडा हेवा वाटल्याशिवाय राहत नाही.

बाजारातून दक्षिणेकडे चालत गेले की बाब झुवेला ही अकराव्या शतकातली वेस लागते. तिच्यापलीकडे तंबू शिवणाऱ्यांची छत असलेली गल्ली आहे. पूर्वी इथे लग्नाकार्यांचे आणि लष्कराचे तंबू शिवले जात. आता मागणी उरली आहे ती भिंतीवर लावायच्या पडद्यांना आणि उशांच्या अभ्र्यांना. रंगीत कापडाचे बारीक तुकडे कापून ते दुसऱ्या कापडावर टाचून कमळे, पक्षी आणि वेलबुट्टी काढतात. काम बारीक, आणि करणारे सारे पुरुष. मोठे, मिशाळ गृहस्थ दुकानाच्या कट्ट्यावर मांडी घालून सुई चालवत होते. मावशीने एकाची शिवण उलटी करून पाहिली. मागची बाजूही स्वच्छ. ती काही बोलली नाही, पण तिथे तिने घासाघीस केली नाही.

बाजाराच्या गोष्टीत भाकरी राहून चालणार नाही. इजिप्तमध्ये रोटीला 'ऐश' म्हणतात, आणि या शब्दाचा मूळ अर्थ जगणे. आपण 'भाकरीसाठी घर सोडले' म्हणतो, त्याच्याही एक पाऊल पुढे ही भाषा गेली आहे. शिधापत्रिकेवर मिळणारी ही रोटी कित्येक वर्षे पाच पिआस्टरला एक अशी मिळे. १९७७ साली सरकारने खाण्याच्या वस्तूंवरची सवलत काढायचे ठरवले, तर देशभर दंगली उसळल्या आणि सरकारला दोन दिवसांत पाऊल मागे घ्यावे लागले. २०११ च्या उठावातल्या घोषणेतही पहिला शब्द भाकरी हाच होता, स्वातंत्र्य त्याच्या नंतर. पुढे २०२४ च्या जून महिन्यात ती रोटी वीस पिआस्टरला झाली. डोक्यावर लाकडी फळी, फळीवर शेकडो गरम रोट्या आणि मांडीखाली सायकल, असा पोरगा गर्दीतून एका हाताने वाट काढत जातो. हे दृश्य एखाद्या सर्कशीत तिकीट लावून दाखवावे असे आहे.

आणि कोशरी! भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर तळलेला कुरकुरीत कांदा आणि तिखट-आंबट रस्सा. गरिबांचे जेवण, आणि श्रीमंतही चोरून खातात. इंग्रजांच्या पलटणींबरोबर गेलेल्या हिंदी शिपायांच्या खिचडीतून ती निघाली असावी, असे पुष्कळांचे मत आहे. मावशीला पहिल्या घासालाच ते पटले. "खिचडीच आहे गं. सासरी गेल्यावर बदलते, तशी बदलली आहे."

आता दुसरी जागा. कैरोच्या पूर्वेला मुकत्तम नावाची चुनखडीची टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी मनशियत नासेर ही वस्ती, आणि तिच्यात 'झब्बालीन', म्हणजे कचरा वेचणाऱ्या लोकांचा भाग. 'झबाला' म्हणजे केरकचरा. मला तिथे जायचे होते. मावशीला ते पसंत नव्हते. "दुसऱ्याच्या घरी पाहुणं गेल्यावर कोणी मोरी बघायला मागतं का?" असा तिचा सवाल. आमच्या टॅक्सीवाल्याला तर ते मुळीच पसंत नव्हते. तो सुशिक्षित तरुण होता, हसतमुख होता, पण या वस्तीचे नाव काढताच त्याचा चेहरा उतरला. "बाई, तुम्ही तिथले फोटो काढाल आणि घरी जाऊन सांगाल की इजिप्त असा आहे," तो म्हणाला.

दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. आपल्याकडेही गोरे पर्यटक धारावी पाहायला येतात तेव्हा आपल्या मनात हेच येते. गरिबी हा काही देखावा नव्हे. पण शहराचा एवढा मोठा भाग नकाशावरून बोटाने झाकून ठेवायचा आणि मग 'कैरो पाहिले' म्हणायचे, हेही मला जमेना. शेवटी तोडगा निघाला. त्या वस्तीत १९८४ पासून काम करणारी एक संस्था आहे. तिथल्या मुली आणि बाया चिंध्यांपासून सतरंज्या विणतात, रद्दीपासून हातकागद करतात, आणि पाहुण्यांना ते काम दाखवतात, विकतात. बोलावलेल्या घरी जावे आणि कॅमेरा पर्समध्ये ठेवावा, एवढ्या अटीवर मावशी तयार झाली. टॅक्सीवाला गप्प राहून आला.

वस्तीत शिरताना आधी वास येतो, हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मग दिसतात गोण्या. घराच्या दुप्पट उंचीच्या गोण्या लादलेले छोटे टेम्पो चिंचोळ्या गल्लीतून भिंतींना घासत जातात. चारपाच मजली विटांची घरे. तळमजल्यावर कचरा उतरवायचा आणि निवडायचा, वर बिऱ्हाड. बाया बसून निवडतात, अगदी आपण गहू निवडतो तशा. पातळ प्लास्टिक वेगळे, जाड वेगळे, बाटल्या वेगळ्या, बुचे वेगळी, पुठ्ठा, पत्रा, काच, कापड. एका घरात फक्त प्लास्टिक दळतात, दुसऱ्यात पुठ्ठ्याचे गठ्ठे बांधतात. इथे येणाऱ्या कचऱ्यापैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत माल पुन्हा वापरात जातो, असे या धंद्याचा अभ्यास करणारे सांगतात. पुढारलेल्या देशांतल्या कितीतरी महापालिकांना महागडी यंत्रे लावूनही हे साधत नाही.

हे लोक बहुतेक कॉप्टिक ख्रिस्ती. १९४० च्या दशकात दक्षिणेकडच्या अस्यूत भागातून दुष्काळाने आणि कर्जाने कैरोत आले. उरलेसुरले अन्न डुकरांना घालायचे आणि बाकीचे विकायचे, हा त्यांचा जम. १९७० च्या सुमारास सरकारने त्यांना शहरातून हलवून या टेकडीखाली आणले. घरोघरचा कचरा उचलावा, घरमालकाने महिन्याला काही द्यावे, असे कागदावर नसलेले पण पिढ्यान्‌पिढ्या चाललेले व्यवहार. २००३ साली सरकारने परदेशी कंपन्यांना ठेके दिले आणि कचऱ्याची फी विजेच्या बिलात लावली. कंपन्यांनी रस्त्यारस्त्यांवर मोठे डबे ठेवले. लोकांना चार जिने उतरून डब्यापर्यंत जायची सवय नव्हती. त्यांना दारात येणारा माणूस हवा होता. तेव्हा झब्बालीन येतच राहिले, फक्त त्यांचा हक्क उरला नाही.

पुढे २००९ साली डुकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तापाची साथ जगभर आली. तो ताप माणसाकडून माणसाला होत होता, आणि इजिप्तमध्ये तर तेव्हा एकही रोगी नव्हता. तरी सरकारने देशातली सुमारे तीन लाख डुकरे मारून टाकली. झब्बालीनांच्या जमाखर्चाची एक बाजूच पुसली गेली. ओला कचरा उचलून करायचे काय? त्यांनी तो उचलणे सोडले, आणि थोड्याच महिन्यांत कैरोच्या रस्त्यांवर ढीग साचून कुजू लागले. ज्यांच्याकडे पाहताना शहर नाक मुरडत होते, त्यांच्यामुळेच आपले नाक शाबूत होते, हे शहराला तेव्हा कळले.

संस्थेच्या अंगणात एका पन्नाशीच्या बाईंनी आम्हांला चहा दिला. मनगटावर क्रूस गोंदलेला. कॉप्टिक लोकांत ही चाल आहे. त्या माग सोडून आमच्याशी बोलायला बसल्या होत्या. मध्ये एक मुलगी इंग्रजीत सांगत होती. मावशीने विचारले, कचऱ्यात कधी सोनेनाणे सापडते का? बाई हसल्या. "सापडतं. पण मग ज्या घरचं असेल तिथे परत नेऊन द्यावं लागतं. एकदा ठेवून घेतलं तर ते दार कायमचं बंद." मग त्यांनी उलट विचारले, "तुमच्याकडे हे काम कोण करतं?"

मी सांगितले की आमच्या पुण्यातही बहुतेक बायाच करतात. त्यांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत नावाची आपली संघटना केली, ओळखपत्रे मिळवली, आणि आता पुष्कळ घरांतून त्या रीतसर कचरा गोळा करतात.

"पैसे कोण देतं? सरकार की घरची बाई?"

"घरोघरी महिन्याला देतात."

"वेळेवर?"

मावशी म्हणाली, "मी देते. सगळ्यांचं सांगता येत नाही."

मुलीने त्याचे अरबी केले. बाईंनी मान डोलावली आणि एकच शब्द उच्चारला. मुलगी म्हणाली, "त्या म्हणतात, सारखंच." मावशीने चहाचा दुसरा पेला मागून घेतला. निघताना तिने चिंध्यांची एक सतरंजी घेतली आणि सांगितलेली किंमत मोजली. टॅक्सीवाल्याने ती तिच्या हातातून घेऊन स्वतः गाडीत ठेवली. परतताना तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मीही आज पहिल्यांदाच आत आलो."

त्याच टेकडीच्या पोटात कोरलेले संत समान यांचे प्रचंड देऊळ आहे. उतरत्या पायऱ्यांच्या अर्धवर्तुळात हजारो माणसे बसतील एवढे. समान हा दहाव्या शतकातला चांभार. त्याच्या प्रार्थनेने मुकत्तमची टेकडी जागची हलली, अशी कथा आहे. टेकडी खरोखर हलते तेव्हा मात्र ती कथा राहत नाही. २००८ च्या सप्टेंबरात हिचेच कडे शेजारच्या दुवेका वस्तीवर कोसळले आणि शंभराहून अधिक माणसे गाडली गेली. स्वस्त जागा जिथे असते तिथे गरीब राहतात, आणि जागा स्वस्त का असते हे एखाद्या रात्री कळते.

देवळाच्या वरच्या अंगाने वस्तीकडे पाहिले की एक नवल दिसते. घरांच्या भिंतींवर नारिंगी, निळे आणि पांढरे फराटे आहेत. खाली गल्लीत असताना त्यांचा काही अर्थ लागत नाही. टेकडीवरच्या एका विशिष्ट जागी उभे राहिले की सुमारे पन्नास घरांवरचे तुकडे जुळतात आणि एक गोल अरबी लेख तयार होतो. एल सीद नावाच्या ट्युनिशियन वंशाच्या चित्रकाराने २०१६ साली वस्तीतल्या लोकांच्या मदतीने तो रंगवला. ज्याला उजेड नीट पाहायचा त्याने आधी आपले डोळे पुसावेत, अशा अर्थाचे ते एका जुन्या कॉप्टिक संताचे वचन आहे. मावशीला मी अर्थ सांगितला. तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा पाहिले.

मुकत्तमच्या चुनखडीत नाण्यासारखे, डाळीसारखे गोल गोल कण दिसतात. चार-पाच कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या बारीक जीवांची ती कवचे. पिरॅमिडही अशाच दगडाचे. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो तिथे गेला, तेव्हा त्याला लोकांनी सांगितले की पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या जेवणातली सांडलेली मसुराची डाळ दगड होऊन राहिली आहे. स्ट्रॅबोला ते पटले नाही; पण मजूर काय खात असतील हा प्रश्न तेव्हाही लोकांच्या मनात होता, याचे मला बरे वाटले.

त्या समुद्राची खरी ओळख व्हायला कैरोच्या नैर्ऋत्येला दीडशे किलोमीटर वाळवंटात जावे लागते. फयूमच्या पलीकडे 'वादी अल्-हितान', म्हणजे देवमाशांचे खोरे आहे. पिवळी वाळू, वाऱ्याने कोरलेले छत्र्यांसारखे खडक आणि कानात शिटी वाजावी अशी शांतता. झाड नाही, पाणी नाही, आणि वाळूत पसरलेला असतो देवमाशाचा पाठीचा कणा. एकेक मणका उखळाएवढा. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. या देवमाशांना चिमुकले मागचे पाय होते, बोटांसकट. देवमाशांचे पूर्वज जमिनीवर चालणारे प्राणी होते, याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. त्यातल्या मोठ्याचे शास्त्रीय नाव 'बॅसिलोसॉरस', म्हणजे सरड्यांचा राजा. पहिली हाडे अमेरिकेत सापडली तेव्हा तो सरपटणारा प्राणी वाटला. चूक पुढे कळली, पण नाव राहिले. शाळेत पडलेले टोपणनाव राहते, तसे. २००५ साली युनेस्कोने या खोऱ्याला जागतिक वारशात घेतले आणि २०१६ साली तिथे वाळूच्याच रंगाचे, अर्धे जमिनीत बसलेले लहानसे संग्रहालय उघडले. त्यात अठरा मीटरचा एक सबंध सांगाडा आहे. पण खरी मौज बाहेर, जिथे सांगाडे पडले त्याच जागी पडलेले आहेत आणि आपण त्यांच्यापाशी चालत जातो. समुद्राने जे तळाशी टाकून दिले ते वाळूने राखले.

आता तिसरी जागा, म्युझियम. कैरोत ती एक नव्हे, अनेक आहेत. तहरीर चौकातली १९०२ सालची गुलाबी इमारत जुन्या लोकांच्या आठवणीतली. तिथल्या कपाटांत एवढ्या वस्तू दाटल्या आहेत की एखाद्या सधन आजीच्या माळ्यावर गेल्यासारखे वाटते. २०११ च्या उठावात, २८ जानेवारीच्या रात्री तिथे चोर शिरले, तेव्हा चौकातल्या सामान्य नागरिकांनी हातात हात धरून इमारतीभोवती कडे केले. स्वतःच्या सरकारविरुद्ध उठलेली माणसे स्वतःच्या पूर्वजांची राखण करीत होती! २०२१ च्या एप्रिलमध्ये बावीस राजाराण्यांची शवे तिथून वाजतगाजत फुस्तातच्या नव्या संग्रहालयात नेली. आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी गिझाच्या पिरॅमिडांजवळच्या भव्य नव्या संग्रहालयाचे रीतसर उद्घाटन झाले.

त्याच्या दारात दुसरा रामसेस उभा आहे. ग्रॅनाइटचा, ८३ टनांचा. १९५५ पासून २००६ पर्यंत हे महाराज कैरोच्या मुख्य रेल्वे स्टेशनासमोर, मोटारींच्या धुरात उभे होते. हलवले तेव्हा लोक रात्रभर रस्त्यात उभे राहून त्यांना निरोप देत होते. आत तुतनखामेनच्या कबरीतल्या पाच हजारांहून अधिक वस्तू प्रथमच एकत्र मांडल्या आहेत. सोन्याच्या मुखवट्यापुढे गर्दी असते, असायचीच. मावशी मात्र थांबली ती एका लहान खुर्चीपुढे. काळ्या लाकडाची, हस्तिदंताने मढवलेली, लहान मुलाच्या मापाची. "नऊ वर्षांचा असताना गादीवर बसवलं म्हणतेस ना? पाय टेकावेत म्हणून केली असेल," ती म्हणाली. तो एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास वारला. कबरीत त्याच्या काठ्या होत्या, चपला होत्या, तागाचे हातमोजे होते आणि फुलांचे हारही.

ही कबर चोरांच्या हाती कशी लागली नाही? पुढच्या काळात शेजारी दुसऱ्या राजाची कबर खोदली, तिचा राडारोडा आणि मजुरांच्या झोपड्या हिच्या तोंडावर आल्या. मजुरांनी टाकलेल्या दगडमातीने राजाचे सोने तीन हजार वर्षे सांभाळले, आणि १९२२ च्या नोव्हेंबरात त्याच झोपड्यांखाली हॉवर्ड कार्टरला पहिली पायरी लागली.

सर्वच घरी राहिले असे नाही. १७९९ साली सापडलेला रोझेटाचा शिलालेख १८०२ पासून लंडनमध्ये आहे, राणी नेफर्तितीचा मुखवटाशिल्प म्हणून प्रसिद्ध असलेला अर्धपुतळा बर्लिनमध्ये. 'तुम्हांला सांभाळता येणार नाही' हे कारण पूर्वी सांगत. या नव्या इमारतीत फिरल्यावर ते कारण यापुढे कुणी सरळ चेहऱ्याने सांगेलसे वाटत नाही.

मला स्वतःला मात्र राजांपेक्षा कारकुनांचे आणि व्यापाऱ्यांचे कागद अधिक जवळचे. राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांचे गाव लक्सरजवळ आहे, देर अल्-मदीना. तिथल्या खापऱ्या आणि दगडाचे कपचे यांच्यावर हिशेब, भांडणे, चिठ्ठ्या लिहिलेल्या मिळाल्या. त्यातल्या हजारो गावाजवळच्या एका मोठ्या खड्ड्यातून निघाल्या, जिथे गावाने कचरा टाकला होता. रामसेसच्या काळचा एक हजेरीपटही आज लंडनमध्ये आहे. गैरहजेरीची कारणे: आजारी, विंचू चावला, घरी बिअर गाळायची होती. वीस वर्षे हजेरी घेणाऱ्या प्राध्यापिकेला यात परके वाटावे असे काही नाही.

जुन्या कैरोत, फुस्तातमध्ये, बेन एझ्रा हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. देवाचे नाव ज्यावर असेल तो कागद फेकायचा नाही म्हणून तिथले लोक जुने कागद एका खोलीत टाकून देत. नऊशे-हजार वर्षे टाकत राहिले. १८९६-९७ साली विद्वान सॉलोमन शेख्टर यांनी त्यातले सुमारे एक लाख नव्वद हजार तुकडे केंब्रिजला नेले. त्यात लग्नाचे करार निघाले, किराण्याच्या याद्या निघाल्या, आणि बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेल्या अब्राहम बेन यिजू नावाच्या व्यापाऱ्याची पत्रेही निघाली. तो इथून मिरी, सुपारी आणि लोखंड पाठवी, आणि एडनचा भागीदार त्याला कागद, मनुका, साबण पाठवी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका संसाराची हकीकत कैरोतल्या रद्दीने जपली. इथे तिचा मागमूसही नव्हता.

खान अल्-खलीलीजवळच्या जुन्या उकिरड्याचेही शेवटी काय झाले ते सांगते. पाचशे वर्षे शहराने तिथे कचरा आणि माती टाकली. त्या डोंगरावर, पुण्याच्या पॅलेसमुळे ज्यांचे घराणे आपल्या परिचयाचे आहे त्या आगाखानांनी बाग करायचे ठरवले, आणि २००५ साली अल्-अझहर बाग खुली झाली. खोदताना सलादिनच्या काळचा शहराचा तट दीड किलोमीटरभर उघडा पडला, कचऱ्याखाली सुखरूप. संध्याकाळी तिथे कुटुंबेच्या कुटुंबे डबे घेऊन बसतात. एका बाजूला मिनारांची रांग, दुसऱ्या बाजूला दूर मुकत्तमची टेकडी. आम्ही गेलो त्या दिवशी टेकडीखालून गोण्या लादलेले टेम्पो शहराकडे नव्हे, शहराकडून परत चालले होते.

वाचकहो, आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. ती लक्ष्मी आहे, तिला पाय लावू नये, असे लहानपणी सगळ्यांना सांगितलेले असते. ही चाल ज्या कुणी घातली तिला घर कशावर चालते ते नक्की ठाऊक होते. फक्त ती केरसुणी ज्यांच्या हातात वर्षभर असते, त्यांच्यापर्यंत हळदकुंकू अजून पोचायचे आहे. यंदा माळा आवरून झाला, रद्दी आणि भंगार दारात काढून ठेवले, की ते न्यायला येणाऱ्या बाईंचे नाव विचारा. पैसे वेळेवर द्या, फराळाचे ताट द्या, आणि ते दाराबाहेर नव्हे, आत बोलावून द्या.